तिच्या नकाराची किंमत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या खानदानी घरातल्या मुलीला नृत्यसमारंभात एखाद्या तरुणाने नाचाचे आमंत्रण दिले, तर ते नाकारण्याची तिला मुभा होती. पण एकाला नकार दिला की शिष्टाचाराप्रमाणे तिला दुसऱ्या कोणाचे आमंत्रण स्वीकारता येत नसे. नावडत्या माणसाला टाळायचे, तर आवडत्या माणसाबरोबरच्या नाचावरही पाणी सोडून भिंतीशी बसून राहावे लागे. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली एलिझाबेथ बेनेट नेदरफील्डच्या समारंभात मिस्टर कॉलिन्स या आत्मसंतुष्ट पाद्र्याबरोबरचे पहिले दोन नाच कसेबसे उरकते. पुढे तो पुन्हा विचारतो तेव्हा ती ठामपणे नाही म्हणते, आणि त्या नकारापायी उरलेली संध्याकाळ तिला इतर कोणाबरोबरही नाचता येत नाही. कॉलिन्स मात्र खुशाल तिच्या शेजारी ठाण मांडून उभा राहतो. नकार मुलीने द्यायचा आणि त्याचा भुर्दंडही तिनेच सोसायचा, ही त्या समाजाची रीत या प्रसंगात पुरती उघडी पडते, आणि तरीही तो वाचताना हसू आवरत नाही.

लग्नाला नाखूश असलेली मुलगी आणि तिच्या मागे लागलेला तरुण यांच्या हलक्याफुलक्या प्रेमकथांबद्दल मला जे म्हणायचे आहे, त्याचे बीज या प्रसंगात आहे. राजा तिसरा जॉर्ज मनोविकाराने ग्रासलेला असताना, १८११ ते १८२० या काळात, त्याचा थोरला मुलगा रीजंट म्हणून राज्य चालवत होता. 'रीजन्सी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या लहानशा कालखंडावर बेतलेल्या प्रेमकथांची एक स्वतंत्र शाखाच इंग्रजीत उभी राहिली. जॉर्जेट हेयरची 'रीजन्सी बक' ही कादंबरी १९३५ साली आली, तेव्हापासून या शाखेला आजचे रूप येत गेले. २०२० च्या नाताळात नेटफ्लिक्सवर 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि मलमलीचे झगे, मेणबत्त्यांची झुंबरे आणि लग्नाच्या बाजारातली चुरस आपल्याकडच्या मोबाइलवरही पोहोचली. तेव्हापासून दोन मते सारखी ऐकू येतात. एका मताप्रमाणे या कथा घातक आहेत, कारण मुलीचा नकार हा होकाराचाच पहिला अंक असतो असे त्या शिकवतात. दुसरे मत असे की मनोरंजनाला मनोरंजन म्हणून सोडून द्यावे, प्रत्येक गोष्टीचा कीस काढत बसू नये. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. या कथांचा हलकेपणा हा त्यांचा दोष नव्हे, आणि मुलीचे मन पुढे बदलते हाही नव्हे. नकाराला जी किंमत होती ती कथेतून पुसून टाकणे हा खरा दोष आहे, कारण किंमत पुसली की नकाराचा निव्वळ लटका रुसवा होतो आणि मग मागे लागणाऱ्याला कोणताच दोष देता येत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. एलिझाबेथ लग्नालाही नकार देते तेव्हा कॉलिन्स तिला शांतपणे ऐकवतो की, ज्याला स्वीकारायचे मनातून ठरलेले असते त्यालाच पहिल्यांदा, कधी दुसऱ्या-तिसऱ्यांदाही, नकार देण्याची तरुण स्त्रियांची रीत असते हे मला ठाऊक आहे. १८१३ साली छापलेले हे वाक्य विनोदी आहे, ते म्हणणारा माणूस विनोदी आहे. २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने बलात्काराच्या एका खटल्यात आरोपीला निर्दोष सोडताना स्त्रीच्या क्षीण नकाराचा अर्थ होकारही असू शकतो अशा आशयाचे विधान निकालपत्रात केले, आणि त्यात विनोदाचा मागमूस नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी एका अविवाहित लेखिकेने मूर्ख पात्राच्या तोंडी घातलेला युक्तिवाद न्यायालयाच्या भाषेत पुन्हा उभा राहतो, तेव्हा अशा कथा नकाराचे काय करतात हे विचारणे रास्त ठरते.

त्या काळी नकाराची किंमत काय होती, हे आधी नीट पाहिले पाहिजे. कायद्याने वधूची संमती आवश्यक होती. चर्चमध्ये ती 'नाही' म्हणाली तर लग्न लागत नसे. १७५३ च्या विवाह कायद्याने लग्न चर्चमध्ये, तीन रविवारी जाहीर पुकारा करून किंवा परवाना घेऊन लावणे बंधनकारक केले आणि एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या परवान्याच्या लग्नाला पालकांची संमती लागू केली. त्यामुळे घरच्यांना नको असलेले लग्न करायचे झाले, तर स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला पळून जाण्याची वाट तेवढी उरली. म्हणजे मुलीच्या होकाराला वडील आडवे येऊ शकत. तिच्या नकाराला कायदा आडवा येत नसे, तिथे गरिबी आडवी येत असे. लग्न झाले की पत्नीचे कायदेशीर अस्तित्वच पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची रोकड, तिची कमाई, तिचे दागिने पतीचे होत. लग्नापूर्वी वकिलांकडून करारनामा करून विश्वस्तांच्या हाती काही ठेवले असेल तेवढेच तिचे राही. मुलांच्या ताब्यावर आईला कसलाही कायदेशीर हक्क नव्हता. पहिला तुटपुंजा हक्क १८३९ साली मिळाला, आणि मालमत्तेचा प्रश्न १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी सुटत गेला. घटस्फोट हवा असेल तर संसदेत स्वतंत्र विधेयक मंजूर करून घ्यावे लागे, आणि १८५७ पूर्वी असा घटस्फोट अवघ्या चार स्त्रियांना मिळाला. ज्या दारातून आत गेल्यावर बाहेर येता येत नाही, त्या दाराशी थबकणाऱ्या मुलीला मानभावी म्हणणे हा अडाणीपणा आहे. तिचा विलंब, तिचे आढेवेढे, तिची फटकळ उत्तरे हे सगळे तिच्या हाती असलेल्या एकमेव हत्याराचे उपयोग आहेत.

आणि नकार दिला तर? कॉलिन्स ते उत्तरही पुरवतो, कारण हिशेबाच्या बाबतीत हा माणूस कच्चा नाही. बेनेट घराण्याची जमीन वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्नाची आहे, पण ती पुरुष वारसालाच जाणार असे बंधन तिच्यावर आहे, आणि तो वारस म्हणजे कॉलिन्स. एलिझाबेथच्या वाट्याला फार तर चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतले एक हजार पौंड येणार, तेही आईच्या मृत्यूनंतर. हे आकडे कॉलिन्स लग्नाची मागणी घालताना स्वतः सांगतो, आणि वर मोठेपणाने म्हणतो की लग्नानंतर मी तुला याबद्दल टोमणे मारणार नाही. हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. वडील गेले की राहते घर कॉलिन्सचे, आणि पाच अविवाहित बहिणी नातेवाइकांच्या दारात. ही सगळी आकडेमोड समोर असताना ती मुलगी नाही म्हणते, म्हणून तो प्रसंग एकाच वेळी विनोदीही आहे आणि धाडसीही. पुढे तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट तोच हिशेब मांडून कॉलिन्सला होकार देते, आणि लेखिका तिला क्रूर शिक्षा देत नाही; फक्त तिने कोणती खोली बैठकीसाठी निवडली आणि का, एवढे दाखवते. शार्लट घराच्या मागच्या बाजूची खोली घेते, कारण समोरची घेतली असती तर नवरा तिथे वारंवार येऊन बसला असता.

ऑस्टेनला हा हिशेब ऐकीव नव्हता. २ डिसेंबर १८०२ रोजी, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, मॅनिडाउन पार्क या मोठ्या वाड्याच्या वारसाने, तिच्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली आणि तिने ती स्वीकारली. त्या लग्नाने तिची, तिच्या बहिणीची आणि आईचीही सोय झाली असती. रात्रभरात तिने विचार बदलला आणि सकाळी होकार मागे घेतला. १८०५ च्या जानेवारीत वडील वारले, आणि त्यानंतर ती, आई आणि बहीण कॅसांड्रा भावांच्या मदतीवर बाथ, साउदॅम्प्टन असे बिऱ्हाड हलवत राहिल्या. चॉटनला भावाने दिलेल्या घरात त्या स्थिरावल्या तेव्हा १८०९ साल उजाडले होते. तिच्या सहाही कादंबऱ्या त्यानंतर छापल्या गेल्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सर्व हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले. एका रात्रीच्या नकारासाठी पुढची जवळपास सात वर्षे अस्थिरतेत काढलेल्या बाईने लिहिलेला विनोद उथळ कसा असेल?

त्या काळातली सर्वांत गाजलेली नाखूश नवरी मात्र कादंबरीत सापडत नाही; ती खुद्द रीजंटची एकुलती एक मुलगी, राजकन्या शार्लट. तिच्या आईवडिलांचे १७९५ चे लग्न कर्जफेडीसाठी झालेले होते. नियोजित वधूला पहिल्यांदा पाहिल्यावर वडिलांनी सोबतच्या सरदाराकडे ब्रँडीचा पेला मागितला होता, आणि वर्षभरात दोघे वेगळे झाले. डिसेंबर १८१३ मध्ये रीजंटने मुलीची आणि हॉलंडच्या गादीचा वारस, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याची एका जेवणाच्या निमित्ताने गाठ घालून दिली आणि जेवण उरकताच तिला बाजूला घेऊन निर्णय विचारला. आतापर्यंत जे पाहिले ते आवडले, एवढेच ती म्हणाली. वडिलांनी तोच होकार धरला, राजपुत्राला लगेच बोलावले आणि लग्न ठरल्याचे सांगून टाकले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर 'मुलगा तसा ठीक वाटला' एवढे मुलीने आत स्वयंपाकघरात म्हणावे आणि बाहेरच्या खोलीत साखरपुड्याची तारीख निघावी, यातला विनोद आणि त्यातली धास्ती मराठी घरांना वेगळी समजावून सांगायला नको.

पुढे जे घडले ते कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असे आहे. लग्नानंतर आपल्याला हॉलंडला राहावे लागणार हे कळल्यावर शार्लटने करारनाम्यासाठी महिनोन्‌महिने वकिली पत्रव्यवहार चालवला आणि आपल्या संमतीखेरीज आपल्याला इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असे कलम पदरात पाडून घेतले. १८१४ च्या जूनमध्ये करारावर सह्या झाल्या. मग तिने राजपुत्रापुढे नवी अट ठेवली, की आपल्या आईला आपल्या घरी केव्हाही मोकळेपणाने येता आले पाहिजे. बायकोशी हाडवैर असलेल्या रीजंटला ही अट कधीच मानवणार नव्हती. राजपुत्र कबूल होईना, तेव्हा तिने लग्न मोडले. संतापलेल्या वडिलांनी तिची चाकरमाणसे बदलून तिला नजरकैदेत ठेवायचे ठरवताच, जुलैच्या एका संध्याकाळी ही अठरा वर्षांची राज्याची भावी वारस रस्त्यावर धावत आली आणि भाड्याची घोडागाडी करून आईच्या घरी पोहोचली. दुसऱ्या दिवशी तिला परत आणले गेले आणि विंडसरजवळच्या एका घरात पहाऱ्याखाली ठेवले गेले. अखेर मे १८१६ मध्ये तिने स्वतः पसंत केलेल्या लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राशी लग्न केले, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मृत मुलाला जन्म देऊन ती गेली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. राज्याच्या वारसदार मुलीला नकारासाठी नजरकैद भोगावी लागली, तिथे पाद्र्याच्या किंवा लहान जमीनदाराच्या मुलीची काय कथा!

आता आजच्या ठोकळेबाज रीजन्सी कथेकडे वळू. तिच्यातली नायिका हुशार असते, वाचणारी असते, लग्नाच्या बाजाराला नावे ठेवते, आणि तिच्या वाटेत काहीही आडवे येत नाही. कुठूनतरी आत्याची इस्टेट आलेली असते, वडील प्रेमळ असतात, भाऊ समजूतदार असतात. तिने दहा जणांना नकार दिला तरी तिच्या जेवणातला एक पदार्थ कमी होत नाही. लेखकाला वाटते की आपण तिला स्वातंत्र्य दिले. प्रत्यक्षात आपण तिचा नकार स्वस्त करून ठेवला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. जी मुलगी काहीही न गमावता नाही म्हणू शकते आणि काहीही पणाला न लावता हो म्हणू शकते, तिच्या नाखुशीला कथेत एकच अर्थ उरतो: ती आपल्या मनाशी खोटे बोलते आहे आणि नायकाला तिचे मन तिच्याहून चांगले कळते. इथे कॉलिन्सचा सिद्धांत मागच्या दाराने परत येतो. फरक एवढाच की या वेळी तो सांगणारा रुंद खांद्यांचा उमराव असतो आणि पार्श्वभूमीला व्हायोलिने वाजत असतात, त्यामुळे तो विनोदी वाटत नाही.

एकाच मुलीला मागणी घालणारे दोन पुरुष शेजारी उभे करून ऑस्टेनने हा प्रश्न किती नेमका सोडवला आहे, याचे मला दर वाचनात नवल वाटते. कॉलिन्सला नकार मिळतो आणि वर्षाला दहा हजार पौंडांच्या डार्सीलाही मिळतो. डार्सीला तर जास्त कडवट शब्दांत मिळतो. कॉलिन्स नकार ऐकतच नाही, मुलीची आई येऊन अभिनंदन करते तेव्हा तो ते खुशाल स्वीकारतो. डार्सी एक पत्र देऊन निघून जातो, त्यात पुन्हा मागणी नसते, आणि पुढचे काही महिने तो तिच्या वाटेला जात नाही; ती त्याला पुन्हा भेटते तीही योगायोगाने. शेवटी तो विचारतो तेव्हा सांगतो की, तुमचे मन पूर्वीसारखेच असेल तर तुम्ही एक शब्द बोला, मी हा विषय कायमचा बंद करतो. एलिझाबेथचे मन बदलते ते या मधल्या काळात त्याने तिच्या नकळत केलेल्या वागणुकीमुळे, आणि ती वागणूक तिला दाखवून तिचे मन वळवावे असा त्याचा बेतही नसतो. नाखूश नवरी शेवटी राजी होते या रचनेत मुळातच खोट आहे, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे म्हणून मला पटत नाही. मन बदलण्याचा हक्क माणसाला हवाच. ते कोणी आणि कसे बदलायला लावले, यावर सगळे आहे.

आग्रहाने वळवलेल्या मनाचे काय होते, याचा दाखलाही त्याच दशकातला आहे. ॲनाबेला मिलबँक या गणितात रमणाऱ्या, धार्मिक वृत्तीच्या मुलीने १८१२ साली लॉर्ड बायरनला नकार दिला. त्यानंतर पत्रव्यवहार सुरू राहिला, हा बिघडलेला कवी आपल्या हातून सुधारेल अशी तिची समजूत होत गेली, आणि १८१४ साली त्याने पुन्हा विचारताच ती राजी झाली. पहिला नकार, मधली दोन वर्षे, बदनाम पण देखणा उमराव, त्याला माणसात आणू पाहणारी सुशील मुलगी: या शाखेतल्या निम्म्या कादंबऱ्यांचा सांगाडा इथे तयार आहे. लग्न २ जानेवारी १८१५ ला लागले. वर्षभराने, महिन्याभराच्या मुलीला घेऊन, तिने ते घर सोडले ते कायमचे. मूल कायद्याने बायरनचे होते. त्याने हट्ट धरला असता तर तिला ते गमवावे लागले असते, आणि या धास्तीखालीच विभक्त होण्याची सगळी बोलणी झाली. ती मुलगी म्हणजे पुढे गणिती म्हणून ओळखली गेलेली एडा लव्हलेस. उनाड नायक लग्नाने सुधारतो हे सूत्र वापरणाऱ्याने या लग्नाची दुसरी जानेवारी आठवावी, आणि त्याच्या पुढच्या वर्षीची जानेवारीही.

यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दिवसभर राबलेली बाई रात्री तासभर जे वाचते त्यात मालमत्तेचा कायदा कशाला, असे ते विचारतात. शिवाय या कथांना नाके मुरडणाऱ्यांच्या स्वरात पुष्कळदा बायकांच्या वाचनाबद्दलची तुच्छता असते. पुरुषांच्या हेरकथांना आणि ऐतिहासिक लढायांच्या कादंबऱ्यांना कोणी वास्तवाची अशी फूटपट्टी लावत नाही. हे मला मान्य आहे. आपले म्हणणे ऐकून घेणारा पुरुष ही कल्पना काही पिढ्यांपर्यंत कल्पनाच होती, आणि ती रंगवून सांगण्यात या शाखेने काहीतरी मोलाचे केले आहे, हेही मान्य आहे. पण हिशेब आणला की गंमत जाते, हे मात्र खरे नव्हे. हेयरच्या 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' या १९६१ च्या कादंबरीत नाखुशी नवऱ्याकडे आहे: कर्जबाजारी उमराव इस्टेट वाचवण्यासाठी एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या साध्या रूपाच्या मुलीशी लग्न करतो, आणि पैशाचा विषय एका पानावरही झाकला जात नाही. सासऱ्याच्या भेटवस्तूंनी जावयाचा होणारा कोंडमारा हाच तिथल्या विनोदाचा झरा आहे. मराठी रंगभूमीने तर हे कधीच करून दाखवले. देवलांच्या 'संगीत शारदा'त १८९९ साली म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेवर प्रेक्षक खळखळून हसले, आणि त्या हसण्यात शारदेच्या बापाने मुलीचे किती पैसे घेतले हे कोणी विसरले नाही. विनोद आणि व्यवहार एका ताटात वाढता येतात; फक्त स्वयंपाक यायला हवा.

'ब्रिजर्टन'च्या २०२२ सालच्या दुसऱ्या भागात नायिका केट शर्मा आणि तिची बहीण मुंबईहून लंडनला आलेल्या दाखवल्या आहेत. धाकट्या बहिणीला मराठी आणि हिंदुस्थानी येते असेही सांगितले जाते, आणि थोरली तिला हाक मारते ती मात्र बंगालीतल्या 'बोन' या शब्दाने. या खिचडीवर आपल्याकडे बरीच थट्टा झाली. मला ती मोठी चूक वाटत नाही. भारतीय चेहऱ्याची मुलगी त्या झुंबरांखाली नायिका म्हणून उभी राहते याचा आनंद खरा आहे, आणि तो मी कोणाच्या हातून काढून घेणार नाही. मला खटकते ते हे, की १८१४ ची मुंबई कंपनीच्या ताब्यात होती, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आणि एल्फिन्स्टन रेसिडेन्सीत होता, चार वर्षांत पेशवाई बुडणार होती, आणि या मुलींच्या वाटेत यातला एक खडाही येत नाही. वर्णाची किंमत पुसली, राज्याची पुसली, मग नकाराची पुसायला कितीसा वेळ लागणार?

मुंबईचा आणि त्या इंग्लंडचा खरा धागा जिथे जुळतो ती कथा मुळीच हलकीफुलकी नाही. पत्नी घर सोडून गेली तर तिला परत यायला लावणारा, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हा इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतला होता. असा आदेश मोडणाऱ्यावर पूर्वी धार्मिक बहिष्कार पडे; 'प्राइड अँड प्रेज्युडिस' छापली गेली त्याच १८१३ साली बहिष्काराऐवजी तुरुंगाची तरतूद झाली. हा दावा इंग्रजी न्यायालयांबरोबर हिंदुस्थानात आला. इंग्लंडने १८८४ मध्ये त्यातली कैद रद्द केली, आणि त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईवर तोच दावा लावला. अकराव्या वर्षी लागलेले, आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपण मानत नाही, हे त्या मुलीचे म्हणणे होते. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये तिला नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगण्यात आले. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. इंग्लंडने हा दावा १९७० साली मोडीत काढला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो अजून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो वैध ठरवला. पाठलाग करणे हा गुन्हा आहे असे आपला फौजदारी कायदा २०१३ पासून सांगतो, आणि विवाहाचा कायदा घर सोडलेल्या बाईला परत बोलावण्यासाठी नवऱ्याला दार उघडून देतो. अशा देशात बसून रीजन्सी कथा पाहणाऱ्याला नकाराची किंमत जुन्या काळातली गोष्ट म्हणून वगळून टाकता येणार नाही.

मराठीत आता मोबाइलवरच्या वाचनासाठी भरभरून प्रेमकथा लिहिल्या जातात, आणि जबरदस्तीच्या लग्नातून फुलणारे प्रेम हा त्यांतला एक लाडका विषय आहे. लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या लेखणीवर नैतिक पहारा बसवावा असे मी म्हणणार नाही. मागणे एवढेच आहे की नाखूश नवरीने नाही म्हटल्यावर त्या महिन्याचे भाडे कोण भरणार, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे काय, बापाने कोणाकडून उसने घेतले आहेत, हे कथेत येऊ द्यावे. त्यासाठी कथा रडकी करावी लागत नाही. तो तपशील आला की नायकाला रुंद खांद्यांखेरीज आणखी काही गुण अंगी बाणवावे लागतात, आणि कथा आपोआप सुधारते.

ऑस्टेनने एकदा तर ही रचना शेवटपर्यंत उलटी चालवली. १८१४ च्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये आश्रित म्हणून वाढलेली, जवळ पैसा नसलेली फॅनी प्राइस ही श्रीमंत, गोडबोल्या हेन्री क्रॉफर्डला नकार देते. सांभाळ करणारे सर टॉमस तिला कृतघ्न म्हणतात आणि श्रीमंतीची किंमत कळावी म्हणून तिला पोर्ट्समथला, बापाच्या गोंगाटाच्या, मळकट, अर्धपोटी घरात पाठवून देतात. क्रॉफर्ड तिथेही येतो, चिकाटी दाखवतो, खरोखर थोडा सुधारतोही. आणि फॅनी तरीही बधत नाही. ही नायिका लोकांना तेव्हाही फारशी रुचली नाही. ऑस्टेनने ओळखीच्यांचे अभिप्राय लिहून ठेवले होते, त्यांत तिच्या स्वतःच्या आईने फॅनीला मिळमिळीत ठरवल्याची नोंद आहे. फॅनीचे लग्न क्रॉफर्डशी लावून दे म्हणून कॅसांड्राने तिची खूप मनधरणी केली, अशी आठवण घरातल्या एका भाचीने सांगून ठेवली आहे. बहिणीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या जेनने तिचे सगळे ऐकून घेतले, आणि शेवट बदलला नाही.